आधी गा, मग माप

शुक्रवार, अमरदाद महिना, फसली सन १३५३. इंग्रजी हिशेबानं जून १९४४. ठिकाण: जालना, आमचं माजघर. हजर: माय, मी, खाला आणि उंबऱ्याबाहेर पाठ करून बसलेले अण्णा, म्हणजे माझे वडील. विषय: उद्या गाण्याच्या निवडीला काय नेसून जायचं. निर्णय:

शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर मी त्या दिवशी एवढं लिहिलं आणि निर्णयापुढची जागा कोरी ठेवली. ती नंतरही भरता आली नाही, कारण निर्णय दुसऱ्या दिवशी धावत्या गाडीत झाला आणि तेव्हा वही घरी होती.

खाला आमच्या गल्लीत शिवणकाम करायची. सगळ्या तिला खालाच, म्हणजे मावशीच म्हणत; वयानं तिच्या बरोबरीची असलेली माझी मायसुद्धा. तिची ख्याती एका गोष्टीसाठी होती. गप्प उभ्या असलेल्या बाईचं माप ती घेत नसे. दळणारी बाई आली, तर तिला जात्याशी बसवून दोन फेरे ओढायला लावी आणि हात पुढे गेला की दंडाचं माप घेई. कापूस वेचणारीला वाकायला लावी. लेकुरवाळीला म्हणे, पोर काखेत घे, मंग ये. आमच्या शाळेच्या बाईंना तिनं भिंतीवर बोटानं पूर्ण बाराखडी लिहायला लावली होती. बाई रागावल्या, पण पुढं त्यांचं पोलकं काखेत कधी उसवलं नाही. "कपडा खड्या माणसाचा ऱ्हात न्हाई, कामाचा ऱ्हातो," असं ती म्हणे. आणि हे सगळं पट्टीशिवाय, एका पांढऱ्या दोऱ्यावर गाठी मारून. प्रत्येकीचा दोरा वेगळा. एका खिळ्याला साठ-सत्तर दोरे लटकत असत, पण कुठला कोणाचा हे तिला विचारावं लागत नसे.

दुसरी सवय अशी, की ती आत दाब फार ठेवायची. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, म्हणजे दाब. लढाईचे दिवस होते, कापड कंट्रोलवर मिळायचं, रांगेत उभं राहून आणलेल्या वारातलं दोन बोटं कापड आत दडपलेलं पाहून बायका चिडत. "खाला, आमचं कापड तुझ्या शिवणीतच मुरून राह्यलं की," कोणी म्हणालं, की ती सुईतून नजर न काढता म्हणे, "आज जेवढी हाय तेवढीच उद्या ऱ्हाणार हाय का तू?"

आता माझं. आमचं घराणं आष्टीचं, शेतीवाडीचं. माझ्या शाळेसाठी अण्णांनी जालन्यात बिऱ्हाड केलं होतं, आणि त्याबद्दल गावात त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागे. शाळेच्या बाईंकडे मी चार वर्षं गाणं शिकले. त्या वर्षी औरंगाबादच्या एका कॉलेजात मुलींसाठी गाण्याचा वर्ग निघणार होता. जागा एकच अशी होती, जिच्यासोबत राहणं-जेवण फुकट होतं, आणि त्याशिवाय मला पाठवणं अण्णांना शक्य नव्हतं. दुसरीकडे भोकरदनचं एक स्थळ चार महिने होकारासाठी थांबलेलं. अण्णा सरळ बोलणारे. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "सुमे, शनिवारी तुझं नाव निघालं तर कॉलेज. न्हाई निघालं तर सोमवारी मी भोकरदनला होकार कळवतो. दोन्हीतलं एक. मंग रडायचं न्हाई."

मी रडले नाही. मी यादी केली. नेसायला तीन गोष्टी होत्या. एक, शाळेतलं परकर-पोलकं. त्यात मी तेरा वर्षांची दिसत होते. दोन, शाळेच्या बाईंचं पांढरं पाचवारी पातळ. बाई द्यायला तयार होत्या. तीन, मायचं हिरवं इरकली लुगडं आणि खणाची चोळी. मायचा हट्ट तिसऱ्यावर होता. "पातळ गुंडाळून चार पुरुषांसमोर गायला बसलीस, तर लोक तुला शिकणारी म्हणतील का गाणारी? भोकरदनवाले सोड, आष्टीत कोणी आपल्या घरी पाणी पिणार न्हाई." यात तिचा दुष्टपणा नव्हता. गाणाऱ्या बाईला लोक काय म्हणतात हे तिनं ऐकलेलं होतं, आणि पोरीच्या अंगावरच्या कपड्याशिवाय तिच्या हातात दुसरं काही नव्हतं.

हैदराबाद संस्थानात शुक्रवारी सुट्टी असे. सकाळीच मायनं खालाला बोलावलं ते चोळीच्या बाह्या सारख्या करायला. मी लुगडं नेसून, चोळीची गाठ मारून उभी राहिले. खालानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कशासाठी हाय हे?"

"गाण्याच्या परीक्षेसाठी," मी म्हटलं.

"मंग उभी काय राह्यली? बस. गा."

मी मांडी घालून बसले. तिनं चोळीच्या गाठीखाली आपली दोन बोटं सरकवली. "वर जा. जिथं तुझा जीव सगळ्यात जास्त ताणतो, तिथं जा."

मी भूपातली चीज सोडून नुसती आलापी घेतली आणि वरच्या गंधारापर्यंत गेले. गेले म्हणजे जायला निघाले. षड्ज ओलांडला आणि बरगड्या फुगायला जागाच मिळेना. सूर हलला. खालानं बोटं तशीच ठेवून मायकडे मान वळवली.

"बघ पाटलीणबाई. माझी बोटं निघून न्हाई राह्यली. हिचा दम कुठून निघंल?"

उंबऱ्याबाहेरून अण्णा म्हणाले, "मंग ते पातळच..."

"नक्को पाटील," खाला म्हणाली. "पातळात मांडी घालून बसली की सारा वेळ पदर सावरण्यात जातो. लुगडंच बराबर. कासोटा पक्का, बैठक पक्की. लुगडं मायचं, चोळी माझी."

अशी वाटणी झाली. अण्णांच्या पैरणीसाठी आणलेलं पांढरं कापड होतं, ते माझ्या पोलक्याला द्यायचं ठरलं. मायनं अट घातली: बाह्या कोपराखाली, आणि गळा बंद. उभी पट्टी, एक बोटसुद्धा उघडं नको. खाला म्हणाली, बंद गळा शिवते, पण आत जागा ठेवून. मला पुन्हा गायला लावून तिनं गळ्याभोवती दोरा धरला. मी गंधारावर असताना गाठ मारली, आणि मी थांबल्यावर तोच दोरा मायला दाखवला. मधे दोन बोटं आरामात जात होती. "गाताना गळा एवढा मोठा होतो," ती म्हणाली. मायला ते खरं वाटेना. तिनं स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग अण्णांनी कॉलेजचं पत्र काढलं. ते उर्दूत होतं, अण्णांना उर्दू चांगलं येई, आणि मोठ्यानं वाचून दाखवण्याची त्यांना हौस होती. निवड करणाऱ्यांत शिक्षणखात्याचे नाजीमसाहेब, म्हणजे खात्याचे सर्वांत वरचे अधिकारी, स्वतः हजर राहणार, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. दोन्ही वेळा खालाचे हात थांबले, हे मला आठवतं. तेव्हा मी त्याचा अर्थ लावला नाही. तिचं लहानपण एका जहागीरदाराच्या ड्योढीवर, म्हणजे वाड्यावर गेलं होतं. तिची आई तिथं शिवायला होती. बड्या लोकांसमोर कसं बसायचं, किती झाकायचं, नजर कुठं ठेवायची, हे तिला तिथं काठीनं शिकवलेलं होतं.

संध्याकाळी खाला पोलकं घेऊन आली, आणि पाठोपाठ दारात बैलगाडी थांबली. भोकरदनची आत्या. अण्णांची मावसबहीण, आणि ते स्थळ तिनंच आणलेलं. ती न कळवता आली होती. निवडीबद्दल तिला एक अक्षर ठाऊक नव्हतं आणि ठाऊक होऊ द्यायचं नव्हतं. कॉलेजची गोष्ट तिथं कळली असती, तर उद्या नाव न निघाल्यावर स्थळही गेलं असतं.

आत्या थेट माजघरात येऊन बसली. मी नवं पोलकं घालून कोपऱ्यात उभी.

"हे कोणाचं काय शिवून राह्यले?" आत्यानं विचारलं.

"पोरीचं," माय म्हणाली.

"असं? तयारी चालली म्हणायची!"

"हौ," खाला म्हणाली, "तयारीच की."

आत्या खूश झाली. तिनं मला जवळ बोलावून पोलक्याची शिवण चाचपली, बंद गळा पाहिला. "असं पाहिजे. आजकालच्या पोरी गळा उघडा टाकून फिरतात." माय पहिल्यांदाच हसली. मी खालाकडे पाहिलं. आता ती म्हणेल, गा. पण आत्यासमोर ती कशी म्हणणार? ती पोलक्याला टाचलेल्या सुया काढत राहिली, आणि एकदाही माझ्या डोळ्यांत न बघता निघून गेली. माझ्या आठवणीत खालानं कामात न पाहता दिलेला हा एकच कपडा. उभ्यानं, गप्प राहून पाहिला तर तो अगदी बेतून शिवलेला होता. मी हुक लावला, मान दोन्हीकडे वळवली, बरं वाटलं. यादीत पोलक्यापुढं खूण केली.

शनिवारी सकाळी आम्ही स्टेशनवर. आत्याला सांगितलं होतं, सुमीचे डोळे दाखवायला औरंगाबादला नेतो. तिच्यापाशी बसायला माय घरी राहिली. अण्णा मर्दाना डब्यात, मी जनाना डब्यात. गाडी सुटायला थोडा वेळ होता. खिडकीकडे तोंड करून मी हळूच सूर लावला. खालचे सूर ठीक. मध्य सप्तक ठीक. वरच्या षड्जापाशी पट्टी गळ्याला लागली. त्याच्या पुढं गेले, तर कोणी मागून धरल्यासारखं झालं. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. हुक सोडून पाहिला. पोलकं पुढून उघडणारं, हुक सुटला की गळ्याखालचं सगळं उघडं. नाजीमसाहेबांसमोर तसं बसणं मला मेलं तरी जमणार नव्हतं. अण्णांना काय सांगू? परकर-पोलकं घरी, पातळ बाईंकडे, आणि गंधाराशिवाय ती चीज म्हणजे काहीच नाही.

तेवढ्यात फलाटावरून आवाज आला. "सुमी! अगे सुमी, कुठल्या डब्यात हाय तू?"

काळा बुरखा खिडकी-खिडकीशी थांबत पळत येत होता. खाला जालन्याबाहेर गेलेली मी कधी ऐकली नव्हती. बाजारातसुद्धा ती मुलाला पाठवी. मी हात बाहेर काढला. ती डब्यात चढली, धापा टाकत माझ्या शेजारी कोसळली, आणि बुरख्याआतून कात्री काढली.

"काढ पोलकं. जल्दी."

"खाला, गाडी सुटंल!"

"सुटली तर सुटली. काढ म्हणते ना."

गाडी सुटलीच. खालानं एकदा खिडकीबाहेर मागं जाणारा फलाट पाहिला, तोंडातल्या तोंडात अल्लाचं नाव घेतलं आणि बुरखा उतरवून समोरच्या दोन बायांच्या हातात दिला. "धरा ग हे दोघी. पडदा करा." त्या बायांनी काही न विचारता धरला. मी आडोशाला लुगड्याचा पदर दोनदा अंगाभोवती घेऊन पोलकं तिला दिलं. ती पट्टी उसवायला लागली आणि उसवता उसवता बोलली. कात्री हातात असताना बोलायचं नाही हा तिचाच नियम होता.

"माप तुझं बराबर घेतलं होतं मी. मंग शिवताना दोन बोटं आत घेतली. पाटलानं नाजीमसाहेबाचं नाव वाचलं न्हाई का? मला वाटलं, एवढा मोठा माणूस, पोरीचा गळा घट्ट झाकलेला पाहिजे. तुझा गळा बघितला न्हाई मी, सुमी. त्याची खुर्ची बघितली. सकाळी नमाजाला बसले, अन् खिळ्याला तुझा दोरा दिसला."

राग आला होता, आणि ती आली म्हणून रडूही येत होतं. मी फक्त विचारलं, "होईल का औरंगाबादपर्यंत?"

"दाब हाय की आत. कापड कुठं गेलं न्हाई. गप बस."

बदनापूर आलं. खालानं खिडकीकडे पाठ केली, एका बाईनं झडप ओढली. गाडी हलली. खालानं पट्टी कच्च्या टाक्यांनी जोडून मला पोलकं घालायला लावलं, गळ्याभोवती दोरा टाकला.

"गा."

"इथं?"

"मंग कुठं? नाजीमसाहेबासमोर माप घेऊ का?"

मी गायले. डब्यात पंधरा-वीस बायका असतील. एकीच्या मांडीवरचं मूल दचकून उठलं आणि रडायला लागलं. ती कडाडली, "ए बाई, काय चाळे लावले हे? लेकरू निजवलं होतं मी मोठ्या मुश्किलीनं!"

"तुझं लेकरू अजून हजार डाव निजेल," खाला दोऱ्यावरची नजर न काढता म्हणाली. "माझ्याला एकच डाव हाय. गा ग, थांबू नको."

"हिच्या अंगात आलंय का काय?" कोपऱ्यातल्या म्हातारीनं विचारलं.

"हौ," खाला म्हणाली, "येऊन राह्यलंय. थोडं वर अडकलंय."

बायका हसल्या. मी हसले नाही. गंधार अजून पट्टीत अडकत होता. अर्धं बोट कमी पडत होतं. खालानं पुन्हा काढायला लावलं, पुन्हा उसवलं. दाब आता संपत आला होता, दोऱ्याच्या चार पदरांएवढी कड उरली होती. तिथं टाका धरणार की नाही हे तिला ठरवायचं होतं. गाडी एवढी हलत होती की सुई दोनदा तिच्याच बोटात गेली. करमाड गेलं. पुन्हा घातलं, पुन्हा गायले. या वेळी सूर गेला. दोरा गळ्यावर नुसता टेकून राहिला. खालानं मान हलवली आणि अंगावरच पक्के टाके घालायला सुरुवात केली.

"हलू नको. बोलू नको. दम मात्र घे."

चिकलठाण्याच्या पुढं रूळ बदलताना गाडीनं हिसका दिला आणि सुई माझ्या गळ्याला टोचली. पांढऱ्या पट्टीवर मोहरीएवढा लाल ठिपका उमटला. खालाचा चेहरा उतरला. तिनं थुंकी लावून पुसला; तो फिका झाला, गेला नाही. मग पदर तिनंच असा बसवून दिला की ठिपका त्याखाली गेला. औरंगाबाद आलं तेव्हा तिनं दोरा दातानं तोडला.

फाटकावर तिकीट मागितलं तेव्हा खालापाशी तिकीट नव्हतं. अण्णांनी तिला तिथं पहिल्यांदा पाहिलं. त्यांना नवल वाटलं असणार. पण तिकीट कलेक्टरला ते एवढंच म्हणाले, "आमच्या घरच्या आहेत," आणि जालन्यापासूनचं भाडं भरलं. टांग्यात त्यांनी मला विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "गळा घट्ट होत होता. आता बरा आहे." त्यांना ते गाण्याबद्दल वाटलं.

कॉलेजच्या दारावर चपराशी म्हणाला, उमेदवारासोबत एकच माणूस. अण्णा बाहेर थांबायला निघाले. खालानं त्यांना अडवलं. "बाप आत पाहिजे." ती फाटकाबाहेर लिंबाखाली बसली, बुरखा नीट ओढून, आमची पिशवी मांडीवर घेऊन.

आम्ही चौघी होतो. एकीनं रेशमी पातळ नेसलं होतं, एकीनं सलवार-कमीज, तिसरी माझ्यासारखीच लुगड्यात. माझा क्रमांक शेवटचा. तोपर्यंत पट्टीवरचे टाके धरतील का, हा एकच विचार डोक्यात होता; मी मान वळवायलाही घाबरत होते. मला बोलावलं. सतरंजी, तंबोरा, समोर तीन खुर्च्या. ज्यांच्यासाठी माझा गळा आवळला गेला होता, ते नाजीमसाहेब थकलेले म्हातारे गृहस्थ होते आणि डोळे मिटून बसले होते. माझ्या येण्याच्या आवाजानंही त्यांनी ते उघडले नाहीत.

पहिल्या आवर्तनात मी सम चुकले. तबलेवाल्यानं मान वर करून पाहिलं. मी पुन्हा मुखडा धरला, या वेळी सम आली. त्यानंतर केव्हातरी वर गेले, गंधारावर उभी राहिले, आणि तिथं काही आड आलं नाही. गळ्याभोवती काही आहे याची आठवणच नव्हती. चीज संपवून तंबोरा खाली ठेवताना मला ते कळलं.

दीड तास व्हरांड्यात काढला. अण्णा खांबाला टेकून उभे होते, एकदाही बसले नाहीत. मग कारकुनानं बाहेर येऊन उर्दूत एकच नाव वाचलं. वाचताना त्यानं माझं आडनाव बिघडवलं, त्यामुळं आम्ही दोघं क्षणभर तसेच उभे. अण्णांनी कागद हातात मागून घेतला, बोट ठेवून वाचला आणि परत दिला. "चल," एवढंच म्हणाले. सोमवारी भोकरदनला त्यांनी नकाराचं कार्ड टाकलं. आत्या पुढं दोन वर्षं आमच्याकडे आली नाही.

परतीच्या गाडीत खाला दमून गेली होती. तिला आनंद झाला होता. बदनापूर गेल्यावर एकदम म्हणाली, "आत काय गायलीस ते मला न्हाई ऐकू आलं. लई लांब होतं. मला तर तू ते वरचंच ऐकवलंस आजपर्यंत, जिथं जीव ताणतो ते. सुरुवात कशी हाय त्याची? शेवट कसा होतो?"

"घरी गेल्यावर पूर्ण ऐकवते," मी म्हटलं.

"बैठून ऐकवायचं. मी हातात काही काम घेणार न्हाई."

घरी गेल्यावर गडबड होती. आत्या होती. पुढच्या आठ दिवसांत माझं सामान बांधायचं होतं. त्याच्या याद्या मीच केल्या, आणि त्यांत हे लिहिलं नाही, कारण ते विसरण्यासारखं वाटलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत आले तर तिची सून बाळंतीण होती. पुढच्या उन्हाळ्यात तिचा मुलगा आजारी. मग माझी परीक्षा. ती दारावरून जाताना विचारायची, "काय ग, कधी?" आणि मी म्हणायची, "या सुट्टीत नक्की." या लांबणीला कोणीच वाईट म्हणणार नाही, अशी प्रत्येक वेळी मला खात्री होती.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरनंतर, पोलीस ॲक्शन होऊन गेल्यावर मी जालन्याला आले, तेव्हा तिच्या घराला कुलूप होतं. त्या दिवसांत कोण कोणाला भिऊन कुठं गेलं याचा मेळ लागत नव्हता. मुलगा तिला हैदराबादला घेऊन गेला होता. मायनं मला जेवायला वाढलं आणि वाढता वाढता सांगितलं, "जाण्याच्या आदल्या दिवशी आल्ती. बसली न्हाई. सुमीचं गाणं ऐकायचं ऱ्हाऊन गेलं म्हणाली." मी ताटावरून उठले नाही. पण तो घास मला अजून आठवतो.

गाणं शिकवणं हाच मी पुढं व्यवसाय केला. अनेक शाळांत राहिले, आता एका कन्याशाळेत आहे. माझा एक नियम आहे: परीक्षेच्या किंवा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलीनं जे घालायचं ते घालून, जसं बसायचं तसं बसून, पूर्ण गायचं. मुली कुरकुरतात. पालक म्हणतात, बाई फार शिस्तीच्या. गेल्या पंचवीस वर्षांत किती काखा उसवून दिल्या, किती गळे मोकळे केले, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. सुई माझ्या पर्समध्ये असते. दाब नसलेला तयार कपडा पाहिला की मला अस्वस्थ वाटतं.

दोन महिन्यांपूर्वी एका लग्नात खालाचा नातू भेटला. त्याची सासुरवाडी जालन्यातली. मी धीर करून विचारलं. आजी आहे, म्हणाला. ऐंशी कधीच ओलांडली. दिसत नाही, एका कानानं ऐकू येतं, दिवसभर बसून असते. हैदराबादचा पत्ता त्यानं माझ्या वहीत स्वतःच्या हातानं लिहून दिला. "या तुम्ही," म्हणाला, "जालन्याचं कोणी आलं की ती बोलते."

तेव्हापासूनची यादी अशी. रजेचा अर्ज: मंजूर. गाडीची वेळ: विचारली. भाचीला सोबत येण्याबद्दल: सांगितलं. पेटी नको, तिच्यापुढं नुसतं बसून गायचं: ठरलं. फक्त एक अडचण आहे, आणि ती कोणाला सांगितलेली नाही. माझा वरचा गंधार आता लागत नाही. पन्नाशीनंतर आवाज खाली उतरतो, त्यात विशेष काही नाही. मी पट्टी उतरवून गाते, विद्यार्थिनींना कळतही नाही. पण तिला कळेल. तिनं तो सूर दोऱ्यानं मोजलेला आहे.

रोज सकाळी शाळेआधी मी मांडी घालून बसते, खालपासून सुरुवात करते आणि षड्ज ओलांडते. काल जवळपास लागला होता. आज नाही. तिकीट काढायचं राहिलं आहे.